अर्धा लिटर

मे महिन्यात, तिसऱ्या आठवड्यात,
टॉवेलावरचा मोर मानेपर्यंतच झाला.
पुढे पडदा काळा.
कॉम्प्युटरचा डबा हाताला चटका देत होता
आणि आतून आवाज, काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्याचा.

पंप सोडवला, पिशवीत घातला,
अक्कलकोट रोडला इराण्णा हत्तरकींकडे गेले.
बोअरच्या मोटारी भरून भरून
त्यांच्या बोटांना तांब्याचा रंग चढलाय.
तळहातावर ठेवून त्यांनी तो जोखला.
"पंप म्हणता याला? पोराला लाटलेली शेंगापोळी हाय ही."

चार स्क्रू.
मग ते कणा शोधत राहिले.
मोटार इकडे, पाती तिकडे, मधून कणा,
कण्याभोवती सील, आणि सील झिजलं की गळती.
त्या गळतीवर त्यांचं चाळीस वर्षं घर चाललं.
इथे कणा बाहेर येतच नव्हता.

एका बाजूला तांब्याची वेटोळी, कोरडी ठणठणीत.
मध्ये पातळ भिंत, एकही भोक नसलेली.
पलीकडे पाण्यात बुडालेलं चुंबक,
पाती त्याच्याच पाठीवर.
वेटोळ्यांत वीज पाळीने येते,
या, मग त्या, मग पुढच्या,
चुंबक त्या ओढीमागे जातं
आणि पोचतं तोवर ओढ पुढे सरकलेली.
म्हणून फिरतं. मिनिटाला तीन हजार वेळा.

"म्हणजे शिवायचंच नाही एकमेकाला,"
इराण्णा म्हणाले, आणि बराच वेळ
नखाने ती भिंत वाजवत बसले.

पाणी मधल्या तोंडातून आत येतं,
जात्यात घास पडावा तसं,
आणि पीठ सांडावं तसं कडेला फेकलं जातं.
कडेची वाट हळूहळू रुंद होत जाते.
धावत आलेलं पाणी तिथे मंदावतं,
धाव उरते ती दाब होऊन,
आणि तो दाब नळीतून चढतो
चिपेवरच्या तांब्याच्या पाटापर्यंत.

सगळं टेकलेलं एका पांढऱ्या मण्यावर.
तेल कुठे घालतात, मी विचारलं.
"पाणीच तेल." मग चष्म्यावरून बघत,
"यमूलबाई, कोरडा चालवलात का?"

रविवारी पाणी बदललं होतं.
आवाज येतो का बघावं म्हणून,
अर्धंच मिनिट.

"बोअरवाले पण अर्धंच मिनिट म्हणतात."

मण्यावर चरा होता, फुटला नव्हता.
आणि भोवती गुंडाळलेला सुताचा एक तंतू.
आमच्या घरात यंत्रमागाची फुसी सगळीकडे,
चहात, केसांत, देवाच्या समईत.
पाणी भरताना झाकण उघडं राहिलं असणार.
चिमट्याने त्यांनी तो उलगडला, उजेडात धरला.
"चाळीसचं सूत," म्हणाले. मला तर बत्तीसचं वाटलं.
पैसे घेतले नाहीत.
गुंडाळायला काही नव्हतंच, कशाचे घ्यायचे.

दोन वर्षं तेच अर्धा लिटर पाणी
माझ्या टेबलाखाली फिरतंय.
चिपेची धग उचलतं, जाळीपाशी नेऊन टाकतं,
पंखा ती खोलीत सोडतो.
थंड असं कोणी काही करत नाही,
नुसती ने-आण.
खोलीत चव्वेचाळीस असताना
धगीने जायचं तरी कुठे, हे पंपाला कोण विचारणार.

नळ पाचव्या दिवशी आला, रात्री अडीचला.
गल्लीभर मोटारी लागल्या,
पहिली दहा मिनिटं नुसती हवा ओढत,
भुंगा, तोच, घराघरात.
घागरी लावायला सासूबाईंना उठवलं
आणि मी डबा मांडीवर तिरका धरून बसले,
एकेक बुडबुडा वाट काढत
वर टाकीत फुटेपर्यंत.

मग काही ऐकू येईना.
चालू आहे की नाही कळायला
नळीला बोट लावावं लागलं.
बारीक थरथर होती.
बाहेर कुणाची तरी घागर भरून वाहत होती.